हद्दीबाहेरची फायनल

फायनल त्यांनी जिंकली. चषक उंचावताना कुणाच्या तरी हातून निसटला, त्याचा एक कान मोडला, आणि तो कान कोच पेटिबोनबाईंनी जाकिटाच्या खिशात टाकला. अजून तिथेच असेल. हे असं झालं. आता ते झालंच नाही असं धरून चालू. कारण अजून शनिवारची सकाळ आहे, सामना दुपारी आहे, आणि रोवेना स्टुकी इंडियानातल्या एका हमरस्त्याकाठच्या हॉटेलात वॉफलच्या यंत्रापुढे कागदी ताटली घेऊन उभी आहे, आणि तिला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही.

यंत्र वाजलं. वॉफल भाजून झालं की ते वाजतं, बारीक, चिवट, कुणीतरी कानापाशी तक्रार करत असल्यासारखं. रोवेनाचा हात आपोआप खाली गेला, डाव्या घोट्याकडे. घोट्यावर मोजा होता आणि मोज्यात फक्त घोटाच होता. सरकारी पाळतीचा भुंगा तिच्या पायाला नव्हताच कधी. तो होता ओहायोत, तिच्या बापाच्या पायाला. पण सूर तोच. त्या सुराला घरात सगळं थांबायचं, चमचा थांबायचा, बोलणं थांबायचं, आणि बाप जिथे असेल तिथून एक पाऊल मागे यायचा, एखाद्या जुन्या नाचातली ठरलेली चाल असावी तसा. रोवेनाही यंत्रापुढून एक पाऊल मागे आली. तिच्या मागे ताटली घेऊन उभ्या असलेल्या ट्रक ड्रायव्हरच्या पायावर तिचा पाय पडला. वॉफल जळलं.

"काय झालं? मुंगळा चावला?" इमानी ब्रॉडनॅक्सनं विचारलं. इमानी संघाची मधली बचावपटू, कॉलेजच्या चारही वर्षांत रोवेनाच्या खोलीत राहिलेली, आणि जळलेलं वॉफल आपणहून स्वतःच्या ताटलीत ओढून घेणारी जगातली एकमेव व्यक्ती.

"यंत्र वाजलं."

"यंत्र वाजतं म्हणून तर आपल्याला खायला मिळतं, येडे." मग घास तोंडात ठेवूनच तिनं मोबाइल रोवेनाच्या नाकाला लावला. "हे बघ. आत्ताच आलंय. सोळा!"

सोळा. देशभरातल्या साडेतीनशे कॉलेज संघांत सोळावा. त्यांच्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ आहे हे कॉलेजातल्याच निम्म्या लोकांना माहीत नव्हतं, आणि आता ते सोळावे होते. पण रोवेनाच्या डोक्यात पहिला आला तो हिशेब. आजची फायनल विभागातल्या संघांची होती; तिच्यानंतरच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या सोळा मानांकनांना पहिला सामना घरच्या मैदानावर मिळतो. सतराव्यापासून पुढच्यांनी परगावी जायला बॅगा भरायच्या. सोळा आणि सतरा यांच्यामध्ये एक रेघ होती, आणि रेघांच्या बाबतीत स्टुकी घराण्याचा इतिहास काही बरा नव्हता.

तिचा बाप व्हर्जिल स्टुकी, धंद्यानं रंगारी. टिफ्टन गावची पाण्याची टाकी त्यानं तीस वर्षं रंगवली. वरपर्यंत रंगवून होईस्तोवर खालचा रंग उडालेला असायचा, असं ते न संपणारं काम होतं. रोवेना लहान असताना तिला वाटायचं की सगळ्यांचेच बाप आकाशात कामाला जातात. तिची आई ॲरिझोनाला निघून गेली त्या दिवशीही तो वर होता, आणि वरून त्यानं गाडी जाताना बघितली, अगदी हमरस्त्याला लागेपर्यंत. एवढं लांबवर दिसायचं. मग गावानं टाकी पाडायला काढली. पाडायला आलेला कंत्राटदार खाली गाडीत, काच उघडी ठेवून, डोनट खात बसला होता. व्हर्जिलनं वरून पिवळ्या रंगाचा डबा ओतला. कोर्टात त्यानं सांगितलं की डबा हातातून निसटला. सरकारी वकिलानं विचारलं, तिन्ही डबे निसटले का? व्हर्जिल म्हणाला, हात ओले होते. दीड वर्ष हॅरल काउंटीबाहेर पाऊल टाकायचं नाही अशी शिक्षा झाली, आणि पाऊल कुठे आहे ते सरकारला कळावं म्हणून घोट्याला ते यंत्र. त्याला भुंगा हे नाव व्हर्जिलनंच दिलं. एवढ्यावर भागलं असतं. पण स्टुकींचं घर हॅरल काउंटीत आणि त्यांचं कोंबड्यांचं खुराडं पलीकडच्या काउंटीत. हद्द जाते ती त्यांच्या परसातून, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या अगदी खालून. शंभर वर्षांपूर्वी कुणा मोजणीवाल्यानं दारू पिऊन आखली म्हणतात. आजवर त्या रेघेनं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

"टेबलावर बस ना," इमानी म्हणाली. "उभ्यानं खाल्लं की पायात जातं."

रोवेना बसली. समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीत हवामान चाललं होतं. कॉलेजचं मैदान काउंटीत होतं, ही देवाची कृपा. घरच्या प्रत्येक सामन्याला व्हर्जिल यायचा, घडीची खुर्ची घेऊन, आणि रोवेना गोलकीपर, म्हणून तिच्या गोलजाळीच्या बरोबर मागे बसायचा. शेजारी त्याच्यावर नजर ठेवणारा ऑफिसर मॅकल्व्हेन, सूर्यफुलाच्या बिया सोलत. आधी तो कामावर म्हणून यायचा. नंतर सुट्टीच्या दिवशीही यायला लागला. बाप इतर बापांसारखा ओरडायचा नाही. चेंडू पलीकडच्या टोकाला असला की हळू आवाजात बातम्या द्यायचा. "चार नंबरची आज पुन्हा रुसलीय. अंडं नाही." थोड्या वेळानं, "पोस्टमन नवीन आलाय. कुत्र्याला घाबरतो. आपल्याकडे कुत्रा नाही, तरी घाबरतो." चेंडू जवळ आला की तो गप्प व्हायचा, आणि त्या गप्प होण्यानं तिला मागे न बघता कळायचं की आता काहीतरी होणार. चार वर्षं ती पाठीनं ऐकत खेळली. बाहेरगावच्या सामन्यांत मागे नुसते लोक असायचे. लोक फार बोलतात, आणि कोंबड्यांबद्दल एक शब्द नाही.

"काय मोजतेयस?" इमानीनं विचारलं. "तुझे ओठ हलतायत."

"जिंकलो तर चौदा नाही तर पंधरा. नक्की घरी सामना. हरलो तर विसाच्या पुढे."

"मग जिंकू की."

"आणि पेनल्ट्यांवर जिंकलो तर बरोबरी."

इमानीनं काटा खाली ठेवला. "परत बोल."

"पेनल्ट्यांवर गेला तर चषक आपला. पण क्रमवारीच्या हिशेबात तो सामना बरोबरीत सुटला असं धरतात. नियमच आहे. बरोबरी झाली आणि तिकडे कॅलिफोर्नियात सतरावाला जिंकला, तर तो सोळा, आपण सतरा."

"म्हणजे चषक घेऊन नाचायचं, पण जिंकलेलं नसायचं?"

"हो."

"हे कुणी ठरवलं?"

"समितीनं."

"समितीतल्या लोकांना घरी कुणी असतं का गं?" इमानी म्हणाली, आणि मग बराच वेळ जळका भाग खरवडत राहिली.

क्रमवारीचा हिशेब रोवेनाला पाठ होता, झोपेतसुद्धा. आपण किती जिंकलो हे पाव हिस्सा. आपण ज्यांच्याशी खेळलो ते किती जिंकले हा अर्धा. आणि ते ज्यांच्याशी खेळले ते किती जिंकले हा उरलेला पाव. म्हणजे तीन पाव नशीब परक्यांच्या पायात. शेजारच्याच्या विहिरीला पाणी लागावं म्हणून आपण उपास धरायचा, असला प्रकार. ऑगस्टमध्ये केंटकीच्या ज्या मुलीनं तिच्या करंगळीवर बूट ठेवला होता, तिच्या संघाचं भलं व्हावं म्हणून रोवेनानं सप्टेंबरभर मनापासून प्रार्थना केली. करंगळी अजून वाकडी होती आणि केंटकी अजून जिंकत होती, दोन्ही गोष्टी तिच्या फायद्याच्या. कधी कधी लायब्ररीत, पुस्तक उघडं ठेवून, तिला वाटायचं की आपण कुठल्या कुठल्या अनोळखी गावांतल्या अनोळखी मुलींना दोऱ्यांनी बांधलेल्या आहोत, आणि डकोटात कुणी अडखळली की इथे आपला पाय मुरगळतो. हे तिनं एकदा बापाला सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या पायाला एकच दोरी आहे, ती तेवढी बरी म्हणायची."

आणि तरीही शेवटचा घरचा सामना त्यानं बघितला नव्हता. त्याच्या आदल्याच आठवड्यात चार नंबरची कोंबडी दोरीखालून पलीकडे गेली. व्हर्जिलनं हात लांबवला; हात चालतो, हाताला भुंगा नाही. पण कोंबडीनं आणखी एक पाऊल टाकलं, मग त्यानंही टाकलं, आणि भुंगा बोंबलला. दोन आठवडे उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, अशी नवी शिक्षा. त्यातच तो सामना आला, सीनियर डेचा. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुली एकेक करून आईबापांच्या हाताला धरून मैदानात येतात, आईच्या हातात फुलं, बापाच्या डोळ्यांत पाणी, लाऊडस्पीकरवर नाव. रोवेनाच्या हाताला धरून ऑफिसर मॅकल्व्हेन आला. तो थेट कामावरून आला होता, गणवेशात, कमरेला हातकड्या, हातात पिवळी शेवंती. लोकांना वाटलं तिला अटक झालीय. दोघातिघांनी मोबाइलवर चित्रीकरण केलं. पाहुण्या संघाच्या गोलकीपरनं येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "काहीही असो, आम्ही तुझ्या बाजूनं आहोत." मॅकल्व्हेन मात्र खरंच रडला. त्याला मूलबाळ नव्हतं. रोवेनाच्या डोळ्यांतून एक थेंब आला नाही. ती फोटोत हसतेय, आणि ते हसू बघितलं की तिला अजून दाताला गार पाणी लागल्यासारखं होतं.

बस निघायच्या आधी तिनं हॉटेलच्या मागे, बर्फाच्या यंत्राशेजारी उभं राहून घरी फोन लावला.

"खाल्लंस?" बापानं विचारलं.

"वॉफल. तू?"

"मॅकल्व्हेननं सँडविच आणलंय. तो लॅपटॉप जोडतोय. चित्र लख्ख येतं म्हणतो." मग आवाज जरा खाली आला. "पण शिळी दिसतेस गं पोरी त्यात. तिथे झाल्यावर मग इकडे दिसतं. मी ओरडतो तेव्हा तुझं सगळं होऊन गेलेलं असतं."

"मग नको ओरडूस."

"ओरडतो कुठे. कोंबड्यांचं सांगतो." मागून मॅकल्व्हेनचा आवाज आला, सांगतो हो, मला सांगतो सगळं. "कोर्टाचं काय झालं ते कळलं ना? फायनलला जाऊ द्या म्हणून यानं जज्जबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कंत्राटदाराच्या गाडीचा रंग अजून निघाला नाही."

"कळलं."

"बरं, आज जिंकलात की पुढचा सामना इथेच ना?"

बर्फाचं यंत्र घडघडलं. पेनल्ट्यांचं सांगावं असं तिला वाटलं, ओठापर्यंत आलंही. "हो डॅड," ती म्हणाली. "जिंकलो की इथेच."

"मग खुर्चीला रंग देतो. गंजलीय पार. पिवळा उरलाय थोडा."

त्याच्याकडे पिवळा उरला होता याचं तिला पहिल्यांदा हसू आलं आणि मग बसमध्ये, खिडकीबाहेर कापलेल्या मक्याची नुसती खुंटं मागे मागे पळताना, कशाचंच आलं नाही. इमानी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. इमानीनं आयुष्यात काहीच जिंकलं नव्हतं. शाळेत तिचा संघ लागोपाठ तीन वर्षं उपांत्य फेरीत हरला, स्पेलिंगच्या स्पर्धेत 'पराभव' याच अर्थाच्या शब्दावर ती बाद झाली, आणि एकदा जत्रेत तिला बक्षीस म्हणून मिळालेला गोल्डफिश घरी पोहोचायच्या आत गेला. हे सगळं ती स्वतःच हसत सांगायची. झोपेत मात्र तिच्या मुठी वळलेल्या होत्या.

सामन्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. ब्रॅडॉक विद्यापीठाचं मैदान, ब्रॅडॉकचे लोक, ब्रॅडॉकचा बँड. रोवेनाच्या मागे एक कुटुंब बसलं होतं. ते सबंध वेळ तिच्या केसांबद्दल बोललं. गोल कुणाचाच झाला नाही. नव्वद मिनिटं संपली, मग जादा वेळ, आणि त्या जादा वेळाच्या अगदी टोकाला रोवेनाच्या संघाला कॉर्नर मिळाला. आता हा एक चेंडू, मग शिट्टी, मग पेनल्ट्या. दूरच्या गोलापुढे सगळ्या दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. रोवेनाला दिसलं की तिथे एक उंच माणूस कमी आहे. संघात सगळ्यांत उंच तीच होती. गोल मोकळा टाकून गोलकीपरनं पुढे धावायचं म्हणजे वेडेपणा, सगळे म्हणतात. पण जो संघ हरतोय त्याचाच तो वेडेपणा असतो, आणि बरोबरी म्हणजे हरणंच हे त्या मैदानात तिला एकटीला ठाऊक होतं, तिला आणि इमानीला. ती धावत सुटली. स्वतःचं पेनल्टी क्षेत्र मागे पडलं, गवत मऊ लागत होतं, मागचं कुटुंब अचानक गप्प झालं. "रो!" कोच पेटिबोनबाई किंचाळल्या. "परत फिर! पेनल्ट्यांत तू आहेस की! परत फिर!"

मध्यरेषेवर ती थांबली. का ते सांगता येत नाही. बूट बरोबर पांढऱ्या रेघेवर होता आणि घोट्यात काहीतरी वाजलं, कुणालाही ऐकू न येणारं. पलीकडे गर्दीतून इमानीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिला कळलं होतं रोवेना का आलीय. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तिच्या मुठी वळलेल्या होत्या, बसमध्ये रोवेनाच्या खांद्यावर झोपली होती तेव्हासारख्या, फक्त आता डोळे उघडे होते. चेंडू ब्रॅडॉककडे गेला, आणि मागे गोल उघडा, तर हाती येणारा चषकही जाणार; इमानीचा गोल्डफिश पुन्हा घराच्या दारात. रोवेना एक पाऊल मागे आली. ती चाल तिला येत होती. मग वळून ती आपल्या जाळीकडे धावली, आणि कॉर्नर कुणाच्या तरी डोक्यावरून बाहेर गेला.

पेनल्ट्यांत तिनं शेवटची अडवली. डावीकडे. चेंडू आदळला तो नेमका वाकड्या करंगळीवर. मग सगळा संघ येऊन तिच्यावर पडला. खाली अंधार होता, गवताचा आणि मलमाचा वास होता, कुणाचा तरी गुडघा तिच्या बरगडीत होता, वरून किंचाळण्याचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता, आणि त्या उबदार, गुदमरवणाऱ्या ढिगाच्या तळाशी रोवेनाच्या मनात एकच शब्द स्वच्छ उभा होता. बरोबरी. कुणाचं तरी तोंड तिच्या कानाशी आलं. इमानी होती.

"जिंकलो ना?" तिनं विचारलं. सगळं माहीत असून विचारलं.

"जिंकलो," रोवेना म्हणाली.

पुढचं चषकाचं आणि कानाचं सुरुवातीलाच सांगितलं आहे, आणि ते झालंच नाही असं आपण धरलं आहे. समितीनंही तेच धरलं. सोमवारी दुपारी कॉलेजच्या हॉलमध्ये पिझ्झा होता, मोठ्या पडद्यावर संघांची नावं एकेक करून उमटत होती, आणि यजमानांची सोळा नावं संपली तेव्हा कोचबाईंच्या हातातला तुकडा हातातच राहिला. कॅलिफोर्नियाचा संघ सोळावा. हे सतरावे, सामना यूटामध्ये. नोंदीत लिहिलं होतं, शून्य-शून्य, बरोबरी. बाकीच्या मुली आधी गोंधळल्या, मग यूटात बर्फ असेल का यावर भांडायला लागल्या. इमानी उठून रोवेनाच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत रोवेना घरी गेली. व्हर्जिल परसात होता, दोरीच्या अलीकडे. शेजारी खुर्ची, टाकीच्या पिवळ्या रंगाची, ओली. मॅकल्व्हेन पायरीवर बसून बिया सोलत होता. कुणाला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी शिळं बघितलं होतं, पण सगळं बघितलं होतं.

"यूटा कुठे आलं?" बापानं विचारलं.

"पश्चिमेला."

"खुराड्याच्याही पलीकडे?"

"बरंच."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "अंडी आणतेस? मला तिकडे जाता येत नाही." ती दोरीखालून वाकून पलीकडच्या काउंटीत गेली, आणि तिथून वळली नाही. दोरीचे दोन खांब तिच्या डाव्या-उजव्या हाताला होते, गोलापेक्षा रुंदी जरा कमी, पण खांबच. ती गुडघ्यांत वाकून, हात फाकवून, खुराड्याकडे तोंड करून उभी राहिली. मागे ओल्या खुर्चीवर कुणीतरी बसल्याचा आवाज आला. पँटचं वाटोळं झालं असणार. मग पाठीमागून, हळू आवाजात:

"चार नंबरचीनं आज दोन दिली. कुणाला सांगू नकोस, बाकीच्या रुसतील."

कोंबड्या येरझारा घालत होत्या. चेंडू कुठेच नव्हता. आणि रोवेना तशीच उभी राहून मनातल्या मनात एक अर्ज रचत होती, शुद्ध सरकारी भाषेत, एकेक शब्द नीट लावून:

प्रति, मा. अध्यक्ष, हॅरल काउंटी आयुक्त मंडळ. विषय: काउंटीची हद्द तात्पुरती सरकवून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, येत्या शनिवारी सामना सुरू झाल्यापासून तो संपेपर्यंत सदर काउंटीची पश्चिम हद्द अर्जदाराच्या परसातील दोरीपासून पुढे वाढवून यूटा राज्यातील मैदानाच्या उत्तरेकडील गोलजाळीमागे, एक घडीची खुर्ची मावेल इतक्या जागेपर्यंत नेण्यात यावी. मधल्या राज्यांस होणाऱ्या गैरसोयीबद्दल अर्जदार दिलगीर आहे. रंग वाळलेला नसल्यास खुर्चीवर बसणाऱ्यास जबाबदार धरू नये. सामना पेनल्ट्यांवर गेल्यास हद्द निकाल लागेपर्यंत तशीच ठेवावी, आणि तो निकाल, एकदाच का होईना, निकाल म्हणून धरण्यात यावा, ही नम्र विनंती.